फ्रीरनरला होकायंत्र: प्रकल्प नोंदी, जून ते ऑक्टोबर २०११

५ जून २०११

फोन आहे निओ फ्रीरनर, ओपनमोकोचा जीटीए०२. ४०० मेगाहर्ट्झचा सॅमसंग प्रोसेसर, १२८ एमबी रॅम, ६४० बाय ४८०ची स्क्रीन आणि यू-ब्लॉक्सचा जीपीएस. २००८ मध्ये आला आणि २००९ मध्ये कंपनीनं फोनचं पुढचं काम थांबवलं. आजच्या हिशेबात तो जुना आहे. तरी याच फोनवर काम करायचं ठरवलंय, कारण याचं सर्किट डायग्राम आणि खोक्याची कॅड चित्रं दोन्ही खुली आहेत. कुठली तार कुठे जाते हे मला कुणाला विचारावं लागत नाही.

हवं काय आहे ते आधी नीट लिहून ठेवतो. जीपीएसला जागा कळते, तोंड कुठे आहे ते कळत नाही. नकाशावरचा बाण जी दिशा दाखवतो ती आपल्या चालण्याच्या वेगावरून काढलेली असते. ताशी ४ किलोमीटरनं सरळ चाललो तर बाण ठीक असतो. थांबलो की वेग शून्य, आणि मग उरलेल्या गोंधळातून बाण वाटेल तिकडे फिरतो. पावसाळ्यात सह्याद्रीच्या पठारावर धुकं उतरलं की माणूस नेमका वाट फुटते तिथेच थांबतो. म्हणजे दिशेची सगळ्यात जास्त गरज असते त्या क्षणी बाण निरुपयोगी ठरतो. साधं होकायंत्र खिशात असतंच आणि असायलाच हवं. पण नकाशा एका हातात, होकायंत्र दुसऱ्या हातात आणि वरून पाऊस, अशा वेळी दोन्हींचा मेळ डोक्यात घालणं नवख्याला जमत नाही. तो मेळ फोननं घालावा, एवढंच या प्रकल्पाचं काम.

फोनमध्ये एलआयएस३०२डीएल जातीचे दोन अ‍ॅक्सेलरोमीटर (प्रवेग आणि कल मोजणारे सेन्सर) आधीपासून आहेत. नाहीत ते जायरो (वळण मोजणारा सेन्सर) आणि होकायंत्र. जर्मनीत म्युनिकजवळ गोल्डन डेलिशिअस कम्प्युटर्स ही मंडळी याच खोक्यात बसणारा नवा बोर्ड, जीटीए०४, करत आहेत आणि त्यात हे सगळं असणार आहे. तो हाती येईल तेव्हा येईल. हातातल्या बोर्डावर काय जमतं ते बघू.

११ जून

चिपा ठरल्या. होकायंत्रासाठी हनीवेलची एचएमसी५८८३एल, जायरोसाठी इन्व्हेनसेन्सची आयटीजी-३२००, आणि उंचीसाठी बॉशची बीएमपी०८५ हवादाबाची चिप. ही तिसरी चैन आहे, पण त्याच बसवर, म्हणजे चिपांना जोडणाऱ्या सामायिक तारांवर, बसते म्हणून घेतली. तिन्ही ३.३ व्होल्टवर चालतात, तिन्ही आय-टू-सी ही चिपांची दोन तारांची भाषा बोलतात. बसवरचे त्यांचे पत्ते षोडशमान (हेक्स) पद्धतीत १ई, ६८ आणि ७७. फोनची वीज सांभाळणारी पीसीएफ५०६३३ ही चिप ७३ वर बसलेली आहे आणि आवाजाची वुल्फसन चिप १ए वर. कुणाचा कुणाशी तंटा नाही.

नवा, जास्त बारीक अ‍ॅक्सेलरोमीटर घ्यायचा का, यावर दोन संध्याकाळी कागद भरले. जुना ८ बिटांचा आहे, एक आकडा म्हणजे १८ मिली-जी (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाचा प्रवेग). एवढ्यात फोनचा कल साधारण १ अंशापर्यंत कळतो, त्याहून बारीक नाही. कलाची चूक दिशेत किती उतरते हे मात्र आपण पृथ्वीवर कुठे उभे आहोत त्यावर ठरतं. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र जमिनीला समांतर नसतं, ते आत झुकलेलं असतं, आणि कलातल्या चुकीला त्या झुकावाच्या टॅनजंटनं गुणलं की दिशेची चूक मिळते. म्युनिककडे झुकाव ६४ अंशांच्या आसपास, म्हणजे १ अंशाची कलचूक दिशेत २ अंश होते. आपल्याकडे, पुणे-अलिबाग पट्ट्यात, झुकाव सुमारे २५ अंश. तिथे तीच चूक अर्ध्या अंशाखाली राहते.

हे गणित कागदावर उतरलं तेव्हा खरंच आनंद झाला. विषुववृत्ताच्या जवळ असण्याचा हा आपला हक्काचा फायदा आहे. जुनाच अ‍ॅक्सेलरोमीटर पुरेल. शिवाय चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक इथे १ अंशाहून कमी आहे, तोही सध्या सोडून देता येतो.

१८ जून

चिपा नुसत्या घेतल्या तर हातानं डाग देणं अवघड. होकायंत्राची चिप ३ मिलिमीटरची, पाय सगळे पोटाखाली. म्हणून छोट्या बोर्डावर बसवलेल्या मागवल्या होत्या, त्या आल्या. बाकीचं सामान पुण्यातल्या तपकीर गल्लीत मिळालं: मोटर वाइंडिंगची बारीक इनॅमल तार, उष्णता सोसणारी कॅप्टॉन टेप, पितळी आणि नायलॉनचे स्क्रू. लोखंडी स्क्रू या कामात एकही चालणार नाही, आणि दुकानात "स्टीलचे घ्या, गंजणार नाहीत" हे ऐकावं लागतं, तेव्हा चुंबक लावून बघितल्याशिवाय काहीही घेतलं नाही.

आय-टू-सीच्या दोन तारा बोर्डावरच्या टेस्ट पॅडवर सापडतात, डायग्राममध्ये आणि बोर्डाच्या चित्रात त्या स्पष्ट आहेत. पॅड टिकलीहून लहान. तिथे डाग देण्यासाठी माझ्या सोल्डरिंग आयर्नचं टोक जाड पडतं, म्हणून गल्लीतल्या मोबाइल दुरुस्तीवाल्या दादांकडे गेलो. त्यांनी फोन उलटापालटा करून बघितला.

"ह्याचा डायग्राम आहे?" त्यांनी विचारलं.

कागद पुढे केला. त्यांनी तो बराच वेळ वाचला. रोज ज्या फोनांवर ते काम करतात त्यांचे डायग्राम कुठून कुठून फिरत आलेले, अर्धे धूसर असतात. हा कंपनीनंच दिलाय हे सांगितल्यावर म्हणाले, "मग काय प्रश्नच नाही साहेब. चार जंपर मारायचे, दहा मिनिटांचं काम." आणि सूक्ष्मदर्शकाखाली चार जंपर, म्हणजे जोडतारा, खरंच तेवढ्या वेळात मारले: डेटा, क्लॉक, ३.३ व्होल्ट, ग्राउंड. पैसे घ्यायला तयार नव्हते. "चाललं की दाखवायला आणा," म्हणाले. पैसे दिलेच, दाखवायला तर जायचंच आहे.

२५ जून

चारही तारा बॅटरीच्या कडेनं मागच्या झाकणाकडे काढल्या. फोन चालू. आय-टू-सी डिटेक्ट चालवल्यावर ७३ च्या घरात "यू-यू" दिसतं, म्हणजे तो पत्ता कर्नलच्या ड्रायव्हरनं धरलेला आहे. त्याच बसवर १ई, ६८ आणि ७७ हे तीन नवे पत्ते उजळले. होकायंत्राच्या ओळख-रजिस्टरमधून "एच ४ ३" ही तीन अक्षरं वाचता आली, म्हणजे बोलणं नीट होतंय.

एक सावधगिरी लिहून ठेवतो. ही बस फोनच्या वीजपुरवठ्याची आहे. आपल्या सेन्सरनं ती अडवून धरली तर फोनला वीज सांभाळणाऱ्या चिपशी बोलता येणार नाही. म्हणून तारा १० सेंटिमीटरच्या आत ठेवल्या, बसचा वेग १०० किलोहर्ट्झच्या वर नेला नाही, आणि प्रत्येक बोर्डाच्या पायाशी ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आहे ना हे बघून घेतलं. छोट्या बोर्डांवर पुल-अप रोध (बसच्या तारा ३.३ व्होल्टकडे ओढून धरणारे) आधीच लावलेले असतात. फोनचे स्वतःचे आहेत, त्यात यांचे तीन जोड मिळाले की बस ओढायला जड होते. बोर्डांवरचे काढून टाकले.

२ जुलै

आज दिवसभर एकच काम: होकायंत्र कुठे बसवायचं.

फोन म्हणजे चुंबकांचं घर आहे. कानाशी धरायचा स्पीकर, मोठा स्पीकर आणि थरथरणारी मोटर, तिन्हींत कायमचे चुंबक. त्यात रेडिओच्या भागांवर बसवलेली पत्र्याची झाकणं. ती स्वतः चुंबक नाहीत, पण जवळचं क्षेत्र स्वतःकडे ओढून वाकवतात. आपल्याकडे पृथ्वीचं आडवं क्षेत्र सुमारे ३८ मायक्रोटेस्ला. या चिपच्या नेहमीच्या मापात १ गाऊसला (१०० मायक्रोटेस्लाला) १०९० आकडे, म्हणजे ३८ मायक्रोटेस्लाचे ४१४ आकडे होतात. स्पीकरजवळ गेलं की चिप मोजणंच सोडते आणि उणे ४०९६ हा आकडा देते, तो तिचा "आता पुरे" असा संकेत.

मागच्या झाकणावर चौकटीचा कागद चिकटवला, १ सेंटिमीटरची घरं. फोन बंद. चिप लांब तारांवर, वाचायला वेगळा छोटा मायक्रोकंट्रोलर. लाकडी टेबल निवडलं आणि खिळे आहेत का तेही तपासलं. प्रत्येक घरात चिप ठेवून तिन्ही अक्षांचे आकडे लिहिले, मग फोन काढून घेऊन त्याच जागी पुन्हा लिहिले. वजाबाकी केली की त्या घरात फोनचं स्वतःचं चुंबकत्व किती ते कळतं. कंटाळवाणं काम आहे, पण कुणी हा प्रकल्प पुन्हा करणार असेल तर ही पायरी गाळू नये असं मी आग्रहानं सांगेन. डायग्राम खुला असला तरी डायग्राममध्ये चुंबक दिसत नाहीत.

झाकणाच्या मधल्या भागात, बॅटरीच्या एका कडेला, सगळ्यात शांत जागा सापडली. तिथे फोनचं क्षेत्र पृथ्वीच्या आडव्या क्षेत्राच्या अर्ध्याहून कमी आहे. ते स्थिर आहे तोवर वजा करता येतं. झाकणावर ३ मिलिमीटरची अ‍ॅक्रिलिकची पट्टी बसवून तिन्ही बोर्ड तीवर ठेवायचे. फोन थोडा जाड होईल. होऊ दे.

९ जुलै

पट्टी बसली. आता वाचन.

होकायंत्राच्या चिपमध्ये एक खोच आहे. जुन्या एचएमसी५८४३ मध्ये आकडे एक्स, वाय, झेड या क्रमानं येतात. नव्या ५८८३एल मध्ये एक्स, झेड, वाय. तयार मिळणारं बरंच कोड जुन्या चिपसाठी लिहिलेलं आहे आणि ते नव्या चिपवर तक्रार न करता चालतं, फक्त दिशा भलतीच देतं. फोन टेबलावर सपाट फिरवून बघावा: जे दोन अक्ष लाटेसारखे वरखाली होतात ते आडवे, जो जागचा हलत नाही तो उभा. डेटाशीटवर विश्वास ठेवावा आणि तरीही ही परीक्षा घ्यावी.

जायरोचं माप १ अंश प्रति सेकंदाला १४.३७५ आकडे. फोन स्थिर असताना त्यानं शून्य दाखवावं ही अपेक्षा मात्र चूक: डेटाशीटनंच शून्याच्या जागी ४० अंश प्रति सेकंदापर्यंत घट-वाढ मान्य केली आहे. आणि तापमानाबरोबर ते शून्य सरकतं. यावर उपाय सोपा आहे. अ‍ॅक्सेलरोमीटर सांगतो की फोन २ सेकंद अजिबात हललेला नाही, तेव्हा जायरोची सरासरी घ्यायची आणि तिलाच नवं शून्य मानायचं. टेबलावर ठेवलेला, दगडावर ठेवलेला फोन आपोआप स्वतःला सावरून घेतो.

प्रोसेसरमध्ये दशांश गणिताचा वेगळा भाग नाही, एआरएम ९२० आहे. त्यामुळे सगळं सी भाषेत, पूर्णांकांत, आणि साइनचं कोष्टक आधीच तयार करून. सेकंदाला ५० फेऱ्या करूनही प्रोसेसर मोकळा राहतो.

१७ जुलै

कॅलिब्रेशन, म्हणजे होकायंत्राचे आकडे दुरुस्त करून घेणं. फोन सपाट धरून एक गिरकी घेतली आणि एक्स-वायचे ठिपके काढले तर वर्तुळ मिळायला हवं, शून्यावर केंद्र असलेलं. मिळालं ते सरकलेलं आणि किंचित चपटं. सरकणं हे स्पीकरच्या चुंबकांचं काम, चपटेपणा पत्र्याच्या झाकणांचा. केंद्र शोधून वजा केलं, अक्षांचं गुणोत्तर सारखं केलं. मग तिसरा अक्ष धरून तेच अवकाशात: फोन सगळ्या बाजूंनी फिरवायचा आणि ठिपक्यांचा गोळा बसवायचा. हे घरात करून उपयोग नाही. सिमेंटच्या स्लॅबमध्ये लोखंडी सळया आहेत, कपाट आहे, गॅसची टाकी आहे. मोकळ्या मैदानावर, खिशातल्या किल्ल्या आणि पट्टा दूर ठेवून.

हे करताना अलिबागच्या वेधशाळेची आठवण सतत होत होती. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी चालत होती. शहरात विजेवरची ट्राम येणार असं ठरल्यावर त्या काळातल्या लोकांनी ओळखलं की तारांतून आणि रुळांतून वाहणारा प्रवाह या मोजणीला खाऊन टाकेल. म्हणून १९०४ मध्ये मोजणी अलिबागला हलवली, चुंबकीय नसलेलं सामान निवडून इमारत बांधली, आणि १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकदम नोंदी ठेवल्या, म्हणजे जुन्या आणि नव्या मालिकेचा सांधा जुळावा. ट्राम १९०७ मध्ये धावली. यंत्र सुधारण्याआधी त्याच्या भोवतालचा विचार करायचा, हे या कामाचं मर्म त्या लोकांनी शंभर वर्षांपूर्वी आपल्याच किनाऱ्यावर करून दाखवलं आहे. माझ्या पट्टीवरची चिप ३ मिलिमीटरची असली तरी तिच्यापुढचा प्रश्न तोच आहे.

३० जुलै

ट्रामचा प्रश्न माझ्या फोनमध्येही आहेच. कॅलिब्रेशननंतर फोनला चार्जर जोडला आणि दिशा सरकली. हिशेब असा: एका सरळ तारेतून अर्धा अँपिअर वाहिला तर १ सेंटिमीटरवर १० मायक्रोटेस्ला क्षेत्र तयार होतं. ३८ च्या आडव्या क्षेत्राला ते काटकोनात लागलं तर सुई जवळजवळ १५ अंश ढळते. प्रत्यक्षात जाणारी आणि येणारी तार शेजारी असली की बरंच क्षेत्र एकमेकांना मारतं, म्हणून माझ्या फोनवर यापेक्षा कमी सरकलं. पण सरकलं.

जीएसएमचं, म्हणजे फोनच्या मोबाइल रेडिओचं, दुखणं वेगळं. बोलताना रेडिओ सेकंदाला २१७ वेळा ठोके देतो आणि प्रत्येक ठोक्याला बॅटरीतून २ अँपिअरपर्यंत ओढू शकतो. होकायंत्राची चिप सलग पद्धतीत सेकंदाला जास्तीत जास्त ७५ वेळा मोजते, त्यामुळे ते जलद ठोके तिला हळू थरथरीच्या रूपात दिसतात, आणि अशी थरथर गाळणीतून सुटून जाते. चिपमध्येच ८ नमुन्यांची सरासरी घेण्याची सोय आहे, ती चालू केली. थरथर कमी झाली, पूर्ण गेली नाही. किल्ल्यावर रेंज कमी असते आणि रेंज कमी असली की रेडिओ पूर्ण जोरानं बोलतो, त्यामुळे दिशा बघताना जीएसएम बंद ठेवायचा असा नियम केला. बॅटरीही वाचते.

पट्टीकडे जाणाऱ्या वीज आणि ग्राउंडच्या तारा एकमेकींना पीळ देऊन घेतल्या. स्क्रीनचा उजेड चालू, बंद, चार्जर जोडलेला, या अवस्थांसाठी केंद्राचे वेगवेगळे आकडे एका फाइलीत ठेवले. प्रोग्राम अवस्था बघून आकडा निवडतो.

७ ऑगस्ट

पावसानं उघडीप दिली आणि हवा धुतल्यासारखी स्वच्छ झाली. सकाळी वेताळ टेकडीवर गेलो. तिथून सिंहगडाचा मनोरा दिसतो आणि दोन्ही जागांचे अक्षांश-रेखांश नकाशावरून घेतले की दिशा हातानं काढता येते: सुमारे २०१ अंश, अंतर १९ किलोमीटरच्या आत. एवढ्या लांबच्या खुणेचा फायदा असा की उभं राहण्याच्या जागेत २०-३० मीटरचा फरक पडला तरी कोनात तो एक दशांश अंशाच्याच घरात राहतो.

फोनच्या कडेवरून नेम धरून आकडे घेतले. सपाट धरून, पुढे झुकवून, बाजूला कलवून. सपाट असताना २ अंशांच्या आत, ३० अंश झुकवला तरी ५ अंशांच्या आत. वाटेच्या फाट्यावर दोन वाटांत ३०-४० अंशांचं अंतर असतं. हे पुरे आहे.

१५ ऑगस्ट

काल-परवा हरिश्चंद्रगड. खिरेश्वरवरून तोलार खिंडीच्या वाटेनं. सोबत तीन जण, त्यांतला एक या वाटेनं अनेकदा गेलेला आणि आमचा खरा वाटाड्या तोच होता. साधी होकायंत्रं दोन. फोन फक्त परीक्षेला.

खिंडीवरच्या कातळटप्प्याला लोखंडी रेलिंग आहे. रेलिंगला हात धरून फोन बघितला तर दिशा ४० अंश ढळलेली. तिथे वाट चुकण्याचा प्रश्न नसतो, पण चूक किती सहज होते ते दिसलं. चार पावलं दूर गेल्यावर बाण जागेवर.

वर पठारावर धुकं एवढं दाट की पुढच्या माणसाची सॅकसुद्धा दिसेना. हाच तो टप्पा: छोट्या टेकड्या, ओहोळ, कारवीतून फुटणाऱ्या ढोरवाटा. मंदिराकडे जाणारी वाट आणि भलतीकडे जाणारी वाट शेजारीशेजारी. थांबलो. जीपीएसचा ठिपका बरोबर होता. नवा बाण आमच्या तोंडाबरोबर वळत होता आणि थांबला की स्थिर राहत होता. मित्रानं स्वतःच्या अंदाजानं बोट दाखवलं, साध्या होकायंत्रावर ताडलं, मग फोन बघितला. तिन्ही जुळलं. पुढच्या फाट्यावरही जुळलं.

एका ठिकाणी जुळलं नाही, आणि तीच या फेरीची खरी कमाई. विश्रांतीला उघड्या कातळावर बसलो, फोन दगडावर ठेवला आणि बाण हळूच २० अंश फिरलेला दिसला. साधं होकायंत्र दगडावर ठेवलं तर तेही ढळलं. उचलून छातीशी धरलं की दोन्ही सरळ. आपल्या बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइटचे कण असतात, लाव्हा थंड होताना त्यांचं चुंबकत्व त्या काळच्या क्षेत्राप्रमाणे गोठलेलं. शिखरावरच्या, वीज पडलेल्या कातळात हे चुंबकत्व आणखी तीव्र होतं. सह्याद्रीत नकाशा दगडावर पसरून त्यावर होकायंत्र ठेवण्याची सवय पुष्कळांना आहे. ती सोडावी. हातात, कमरेच्या वर धरूनच दिशा घ्यावी.

२१ ऑगस्ट

रेलिंग आणि दगड, दोन्ही ठिकाणी फोननं चुकीची दिशा ठामपणे दाखवली. हे मला मान्य नाही. कोकणकड्याच्या धारेपासून हाकेच्या अंतरावर धुक्यात उभ्या असलेल्या माणसाला खात्रीचा चुकीचा बाण दाखवण्यापेक्षा बाण न दाखवणं बरं.

त्यावर तीन पहारे बसवले. पहिला: क्षेत्राची एकूण ताकद. आपल्याकडे ती ४२ ते ४३ मायक्रोटेस्ला असायला हवी, बाजूला लोखंड आलं की ती बदलते. दुसरा: झुकाव. अ‍ॅक्सेलरोमीटरवरून "खाली" कुठे ते कळतं, त्यावरून क्षेत्र किती झुकलंय ते काढता येतं, आणि ते २५ अंशांच्या आसपास नसेल तर काहीतरी ढवळतंय. तिसरा: जायरो. होकायंत्र म्हणतं २० अंश वळलो आणि जायरो म्हणतो कुणी वळलंच नाही, तर होकायंत्राचं ऐकायचं नाही.

सगळं ठीक असेल तेव्हा दोघांची सांगड अशी: सेकंदाला ५० वेळा, दर वेळी ९८ टक्के भार जायरोनं पुढे नेलेल्या दिशेला आणि २ टक्के होकायंत्राला. म्हणजे झटपट वळण जायरो पकडतो आणि त्याची घसरण होकायंत्र साधारण सेकंदाभरात सावरतं. पहाऱ्यांपैकी एकानं जरी हाक दिली तर ते २ टक्के शून्य होतात आणि दिशा एकट्या जायरोवर चालते. जायरो एकटा मिनिटभर विश्वासाचा, त्यानंतर नाही. ३५९ वरून १ वर जाताना सरासरी १८० येऊ नये म्हणून मिसळ कोनांची न करता कोनांतल्या फरकाची केली आहे.

१० सप्टेंबर

बाण नकाशावर आला. फॉक्सट्रॉटजीपीएस हा टँगोजीपीएसमधून फुटून निघालेला प्रोग्राम, सोर्स खुला, सी मध्ये. दिशा काढणारा भाग एका ठिकाणी सापडला. वेग ताशी ३ किलोमीटरच्या वर असेल तर जीपीएसची दिशा मुख्य, खाली असेल तर आपली.

बाणाचं रूप बदललं. आता टोकदार बाणाऐवजी पंख्यासारखी पाकळी दिसते. पहारे शांत असतील तर पाकळी अरुंद, १० अंशांची. ढवळाढवळ चालू असेल आणि दिशा जायरोवर असेल तर ती सेकंदागणिक रुंद होत जाते. मिनिटभरात होकायंत्र सावरलं नाही तर पाकळी नाहीशी होते आणि खाली एकच ओळ येते: "लोखंडापासून, दगडापासून दूर जा."

ही ओळ मराठीत ठेवली आहे. ट्रेकच्या गटात हा फोन कुणाच्याही हातात जाईल, थंडीनं बोटं गारठलेल्या माणसाच्याही. त्याला ती विचार न करता कळली पाहिजे.

गणपतीत तपकीर गल्लीतल्या दादांना फोन दाखवून आलो. दुकानाच्या दारात उभे राहून त्यांनी तो चारही दिशांना फिरवून बघितला, मग आत काउंटरजवळ नेला. तिथे हॉट एअर गन, ट्रान्सफॉर्मर, स्क्रूड्रायव्हरांचा ढीग. पाकळी रुंद झाली आणि गेली. "खोटं नाही बोलत," म्हणाले. मला याहून मोठी पावती नको.

२ ऑक्टोबर

विजेचा हिशेब. जायरो चालू असताना ६.५ मिलिअँपिअर खातो, होकायंत्र त्याच्या तुलनेत नगण्य. स्क्रीन आणि जीपीएस चालू असताना ६.५ चं काही वाटत नाही. पण फोन झोपला की सगळा फोनच मोजक्या मिलिअँपिअरवर येतो आणि तिथे जायरो जागा राहिला तर १२०० मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीतले ५०-६० रात्रभरात फुकट जातात. झोपण्याआधी त्याला झोपवणारी आणि उठल्यावर शून्य पुन्हा घेणारी स्क्रिप्ट लिहिली. झोपेत त्याचा खर्च ५ मायक्रोअँपिअर. आज रात्रभर ठेवून बघितलं, सकाळी बॅटरीत नेहमीपेक्षा वेगळी घट दिसली नाही.

हवादाबाची चिप वाचता येते, पण उंचीसाठी अजून वापरलेली नाही. पावसाळ्यात दिवसभरात दाब एवढा खालीवर होतो की सकाळी पायथ्याला लावलेली उंची संध्याकाळी खरी राहत नाही. जीपीएसच्या उंचीशी तिची सांगड घालायला हवी.

पट्टीचं चित्र, तारांची जोडणी, झाकणावरच्या घरांचं कोष्टक आणि सगळा कोड खुल्या परवान्याखाली ठेवला. कोष्टक जसंच्या तसं कुणी वापरू नये, प्रत्येक फोनचे चुंबक थोडे वेगळे बसलेले असतात. मोजायची पद्धत मात्र तीच. हरिश्चंद्रगडाच्या वाटाड्या मित्राकडेही एक फ्रीरनर पडून आहे. पुढच्या आठवड्यात त्याच्या झाकणावर चौकटीचा कागद चिकटवायचा आहे.